ग्रामीण ऊर्जास्थैर्य आणि सार्वजनिक निधी : छत्तीसगडच्या अनुभवाचा अर्थ

भारतातील ग्रामीण विद्युतीकरणाचा इतिहास हा प्रामुख्याने वीज 'पोहोचविण्याचा' इतिहास आहे. २००५ सालची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना, २०१४ सालची दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजना आणि सप्टेंबर २०१७ मध्ये घोषित झालेली 'सौभाग्य' योजना या तिन्हींचे यश खांब, रोहित्रे आणि जोडण्या यांच्या संख्येवरून मोजले गेले. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे गाव विद्युतजाळ्यास जोडले गेले आणि देशातील सर्व वस्ती असलेल्या गावांपर्यंत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. हे यश मोठे आहे, यात शंका नाही. परंतु वीज पोहोचणे आणि वीज टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वादळ, पूर, रोहित्रातील बिघाड किंवा तारांची चोरी झाल्यानंतर गावाचे अत्यावश्यक व्यवहार किती काळ चालू राहू शकतात, हा प्रश्न आता पुढे आला आहे. या क्षमतेला प्रस्तुत लेखात 'ऊर्जास्थैर्य' असे म्हटले आहे. त्यासाठी सार्वजनिक निधी का मिळावा, तो कोठून मिळू शकतो आणि गावाने त्याची मागणी कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

या विचारासाठी छत्तीसगडइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. हे राज्य कोळशाचे आणि विजेचे आगर आहे. कोरबा येथील राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाच्या एकट्या केंद्राची क्षमता २,६०० मेगावॉट आहे. रायपूरच्या ब्राह्मणपारा किंवा तात्यापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांत वीज गेली, तर ती परत येण्याची वाट तासांत मोजली जाते. परंतु याच राज्याच्या बस्तर, सरगुजा या विभागांतील वनाच्छादित पाड्यांवर हीच प्रतीक्षा दिवसांत, कधी आठवड्यांत मोजावी लागते. २००७ साली नारायणपूर भागात नक्षलवाद्यांनी उच्च दाबाचे मनोरे पाडले, तेव्हा बस्तर विभागाचा मोठा भाग अनेक दिवस अंधारात होता. वीजनिर्मितीत संपन्न असलेल्या राज्यातही लांब पल्ल्याच्या एकाच वाहिनीवर विसंबणारे गाव किती दुर्बल असते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

हा प्रश्न केवळ जंगलापुरता मर्यादित नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वीज उपकेंद्रे पाण्याखाली गेली. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक गावांत वीज पूर्ववत होण्यास आठवडे लागले. विजेअभावी नळपाणी योजना थांबल्या आणि भ्रमणध्वनी संच निकामी झाले. म्हणजे ज्या वेळी मदत मागण्याची सर्वाधिक गरज होती, त्याच वेळी मदत मागण्याचे साधन हातात नव्हते.

व्याख्येतच दडलेली उणीव

फेब्रुवारी २००४ मध्ये निश्चित झालेल्या व्याख्येनुसार, गावात मूलभूत विद्युत सुविधा उभी राहिली, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज आली आणि किमान १० टक्के घरांना जोडणी मिळाली की ते गाव 'विद्युतीकृत' ठरते. या व्याख्येत पुरवठ्याचे तास नाहीत, दाब नाही आणि दुरुस्तीला लागणारा कालावधीही नाही. २००६ च्या ग्रामीण विद्युतीकरण धोरणाने प्रत्येक कुटुंबास दररोज किमान १ युनिट विजेचे उद्दिष्ट ठेवले. २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनी अखंड पुरवठा आणि सेवेतील कसुरीबद्दल भरपाई ही तत्त्वे मान्य केली. तरीही निधीवाटपाचे मोजमाप मुख्यत्वे जोडण्यांचेच राहिले. ज्याचे मोजमाप होते त्याच्यासाठी पैसा मिळतो, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा जुना अनुभव आहे. पुरवठा खंडित राहिल्याचे तास गावपातळीवर कोणी मोजत नाही. त्यामुळे त्यासाठी स्वतंत्र तरतूदही सहसा होत नाही.

छत्तीसगडचा प्रयोग

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि पुढच्याच वर्षी 'छत्तीसगड राज्य अक्षय ऊर्जा विकास अभिकरण' स्थापन झाले. रायपूर येथे मुख्यालय असलेली ही संस्था 'क्रेडा' या नावाने ओळखली जाते. जेथे तारा नेणे तांत्रिकदृष्ट्या कठीण किंवा अतिशय खर्चिक होते, अशा हजाराहून अधिक दुर्गम गावांत व पाड्यांत या संस्थेने लहान सौर वीजकेंद्रे अथवा घरगुती सौर संच बसविले. केंद्र शासनाच्या दुर्गम ग्राम विद्युतीकरण कार्यक्रमातून भांडवली खर्चाचा मोठा हिस्सा मिळाला आणि उरलेला भार राज्याने उचलला.

या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य देखभालीच्या रचनेत आहे. गावातीलच एका तरुणास प्रशिक्षण देऊन त्याच्याकडे पत्रे पुसणे, बॅटरीत शुद्ध पाणी घालणे, जोडण्या तपासणे ही दैनंदिन कामे सोपविण्यात आली. काही गावांच्या समूहासाठी एक तंत्रज्ञ नेमला गेला आणि मोठ्या दुरुस्त्यांची व देखरेखीची जबाबदारी जिल्हा कार्यालय व मुख्यालय यांच्याकडे राहिली. ग्राहकाकडून नाममात्र रक्कम घेऊन उरलेला देखभाल खर्च राज्याच्या अनुदानातून भागविण्यात आला. देशात अन्यत्र सौर संच बसवून मोकळे होण्याची जी रीत होती, तिच्या तुलनेत ही रचना वेगळी ठरली.

आरोग्य क्षेत्रात या गुंतवणुकीचे फळ मोजताही आले. 'क्रेडा'ने २०१२ ते २०१६ या काळात राज्यातील शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सौर संच बसविले. दिल्लीस्थित 'ऊर्जा, पर्यावरण आणि जल परिषद' या अभ्याससंस्थेने २०१७ साली १५ जिल्ह्यांतील १४७ प्राथमिक आरोग्य केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली. विजेची टंचाई असलेल्या भागांत, सौर संच नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत संच असलेल्या केंद्रांत दाखल रुग्णांची संख्या दीडपटीहून अधिक आणि महिन्यातील प्रसूतींची संख्या जवळपास दुप्पट आढळली. या फरकाचे सर्व श्रेय एकट्या विजेस देता येणार नाही, कारण डॉक्टर, परिचारिका, रस्ते हे घटकही त्यात असतात. परंतु रात्री दिवा जळत राहील याची खात्री असेल, तर प्रसूतीसाठी केंद्रात येण्याचा निर्णय कुटुंब अधिक सहजतेने घेते, हे समजण्यास अवघड नाही.

शेतीतही असेच घडले. १ नोव्हेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या 'सौर सुजला' योजनेतून राज्यात लाखाहून अधिक सौर पंप बसविले गेले. शिवारातील हा पंप वीजवाहिनीवर अवलंबून नसल्याने तार तुटली तरी पाणी थांबत नाही.

शासनाने पैसा का घालावा?

असा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. वीज ही विकत घेता येणारी वस्तू आहे, मग तिच्या स्थैर्याचा भार करदात्यावर का टाकावा? याची तीन कारणे देता येतील.

पहिले कारण असे की, ऊर्जास्थैर्याचे लाभ ते विकत घेणाऱ्यापुरते मर्यादित राहत नाहीत. आरोग्य केंद्रातील शीतपेटीत लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात टिकून राहिली, तर त्याचा लाभ संपूर्ण पंचक्रोशीला मिळतो. अशा बाह्य लाभांची किंमत बाजारात कोणी मोजत नाही. म्हणून बाजार अशा सोयी पुरेशा प्रमाणात उभारत नाही.

दुसरे कारण विम्यासारखे आहे. आपत्ती क्वचित येते, पण ती आली की हानी मोठी असते. गरीब कुटुंबाला अशा दूरच्या जोखमीसाठी आज पैसा बाजूला काढणे शक्य नसते. आपत्तीनंतर मदतकार्यावर शासनाचा खर्च होतोच. तोच खर्च आधी, पूर्वतयारीसाठी केला, तर तुलनेने कमी लागतो.

तिसरे कारण समन्यायाचे आहे. शहरातील घनदाट वस्तीत प्रत्येक किलोमीटर तारेमागे शेकडो ग्राहक असतात, तर जंगलातील पाड्यावर मोजकीच घरे असतात. व्यापारी निकष लावला तर दुर्गम गाव नेहमीच रांगेत शेवटी राहील. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६ ने गावे व वाड्यावस्त्यांसह सर्व क्षेत्रांना वीज पुरविण्यासाठी प्रयत्न करण्याची जबाबदारी केंद्र व राज्य शासनांवर टाकली आहे, ती याचसाठी.

याविरुद्धचा एक युक्तिवादही विचारात घेतला पाहिजे. फुकट मिळालेल्या वस्तूची कोणी काळजी घेत नाही आणि अनुदानामुळे संच लवकर निकामी होतात, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोष अनुदानात नसून ते देण्याच्या पद्धतीत असतो. एक साधे गणित पाहू. समजा, एका सौर संचाचा भांडवली खर्च १०० रुपये आहे. त्यात बॅटरीचा वाटा २५ रुपये, बॅटरीचे आयुष्य ७ वर्षे, सौर पत्र्यांचे आयुष्य २५ वर्षे आणि वार्षिक देखभाल खर्च २ रुपये मानू. २५ वर्षांत बॅटरी तीन वेळा बदलावी लागेल, म्हणजे ७५ रुपये. देखभालीचे ५० रुपये. अर्थात, आज दिलेल्या १०० रुपयांच्या अनुदानामागे पुढील काळात १२५ रुपयांची गरज दडलेली असते. शासन पहिले १०० रुपये देऊन छायाचित्र काढते आणि उरलेल्या १२५ रुपयांचा विषय कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो. आठव्या वर्षी संच बंद पडतो, तो गावकऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर या हिशेबामुळे.

निधीचे स्रोत

'ऊर्जास्थैर्य' या नावाची एकच एक योजना नाही. गावाला वेगवेगळ्या योजनांतील तुकडे जोडावे लागतात. प्रत्येक योजनेचे निकष व मुदती वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी राज्याच्या अक्षय ऊर्जा संस्थेकडून चालू मार्गदर्शक सूचना घेणे आवश्यक ठरते.

*वीजवाहिन्यांची बळकटी :* २०२१ साली मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा एकूण आराखडा ३,०३,७५८ कोटी रुपयांचा होता. हा निधी वितरण कंपन्यांमार्फत खर्च होतो. गावाच्या वाट्याला त्यातून जे येते ते नवी वाहिनी, नवे रोहित्र किंवा कृषी वाहिनीचे विलगीकरण या स्वरूपात.

*शेतीचे पंप :* २०१९ च्या 'पीएम-कुसुम' योजनेच्या 'ब' घटकात स्वतंत्र सौर पंपासाठी सर्वसाधारण राज्यांत केंद्र ३० टक्के, राज्य ३० टक्के आणि शेतकरी ४० टक्के अशी रचना करण्यात आली. शेतकऱ्याच्या हिश्शापैकी ३० टक्क्यांपर्यंत कर्ज घेण्याची मुभा ठेवण्यात आली.

*घरांची छपरे :* फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५,०२१ कोटी रुपयांची 'पीएम सूर्यघर' योजना मंजूर झाली. तिच्यात प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौरग्राम घडविण्यासाठी ८०० कोटी रुपये राखण्यात आले. निवड झालेल्या गावास १ कोटी रुपये मिळतात. मात्र स्पर्धेत उतरण्यासाठी गावाची लोकसंख्या ५,००० हून अधिक आणि विशेष दर्जाच्या राज्यांत २,००० हून अधिक असावी लागते. बस्तरमधील किंवा गडचिरोलीतील विखुरलेले पाडे या अटीत बसत नाहीत.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वीजजाळ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला छतावरील सौर संच वीज गेली की आपोआप बंद होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते. म्हणजे असा संच वीजबिल कमी करतो, पण अंधारात साथ देत नाही. सौरऊर्जा आणि ऊर्जास्थैर्य हे समानार्थी शब्द नव्हेत.

*आदिम जमातींच्या वस्त्या :* नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' अभियानात विशेष दुर्बल आदिवासी गटांच्या वीज नसलेल्या घरांसाठी प्रतिकुटुंब ५० हजार रुपयांपर्यंत स्वतंत्र सौर संचाची तरतूद करण्यात आली. छत्तीसगडमधील अबुझमाडिया, बैगा, बिऱ्होर, कमार व पहाडी कोरवा, तसेच महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड हे गट या कक्षेत येतात.

*जिल्हा खनिज प्रतिष्ठान :* २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनुसार खाणधारकांकडून येणारी रक्कम खाणबाधित क्षेत्रासाठी वापरली जाते. तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्य, पिण्याचे पाणी व शिक्षण यांना उच्च प्राधान्य असून ऊर्जा हा विषयही समाविष्ट आहे. कोरबा, दंतेवाडा यांसारख्या जिल्ह्यांसाठी हा सर्वांत स्वाभाविक स्रोत होय. ज्या भूमीतील कोळशावर देश उजळतो, त्या भूमीतील प्रसूतिकक्षात दिवा असावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

*आपत्ती सौम्यीकरण निधी :* पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीचा २० टक्के भाग प्रथमच पूर्वतयारीसाठी, म्हणजे सौम्यीकरणासाठी राखून ठेवला. पूरप्रवण व किनारी गावांना आपली मागणी या तत्त्वाच्या आधारे मांडता येते.

मागणी कशी मांडावी?

निधी अनेक असले तरी तो मिळतो तयारीत असलेल्या गावाला. ग्रामपंचायतीने पुढील क्रम ठेवल्यास तिचे म्हणणे टाळणे अवघड जाते.

पहिली पायरी नोंदीची. एका साध्या वहीत वीज केव्हा गेली, केव्हा आली आणि त्यामुळे काय थांबले, हे किमान वर्षभर लिहावे. 'आमच्याकडे वीज नसते' या वाक्यापेक्षा बारा महिन्यांची तारीखवार नोंद अधिक वजनदार ठरते.

दुसरी पायरी अत्यावश्यक भार ठरविण्याची. ४० घरांचा पाडा घ्या. प्रत्येक घरास दररोज १ युनिट धरल्यास ४० युनिट लागतील. १ किलोवॉट सौर पत्र्यांतून दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते, म्हणून किमान १० किलोवॉट क्षमता हवी. ढगाळ हवेचे दोन दिवस निभावायचे तर ८० युनिट साठवण लागेल. हा खर्च मोठा आहे. आता फक्त आरोग्य उपकेंद्र, पिण्याच्या पाण्याचा पंप, शाळेच्या दोन खोल्या आणि भ्रमणध्वनी भारित करण्याची जागा एवढेच घेतले आणि त्यांची गरज दररोज १० युनिट मानली, तर सुमारे ३ किलोवॉटमध्ये भागते. त्यातही पंपाची ४ युनिट वीज दिवसा वापरून उंच टाकीत पाणी भरून ठेवता येते, कारण पाणी साठविणे हे वीज साठविण्यापेक्षा स्वस्त पडते. मग साठवण लागते ती उरलेल्या ६ युनिटांची, दोन दिवसांसाठी १२ युनिट. ८० ऐवजी १२! सर्व काही सदैव चालू ठेवणे म्हणजे स्थैर्य नव्हे. जे थांबता कामा नये ते थांबू न देणे, हा त्याचा अर्थ आहे आणि हा निर्णय ग्रामसभेनेच घ्यावयाचा आहे.

तिसरी पायरी ग्रामपंचायत विकास आराखड्याची. हे काम आराखड्यात व ग्रामसभेच्या ठरावात नोंदलेले असावे. त्यामुळे आरोग्य, पाणीपुरवठा, आदिवासी विकास व ऊर्जा या विभागांच्या निधींची सांगड घालता येते. पेसा क्षेत्रात ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचे विशेष अधिष्ठान आहे.

चौथी पायरी देखभालीची. प्रस्तावातच किमान पाच वर्षांचा देखभाल करार, बॅटरी बदलीसाठी स्वतंत्र बँक खाते आणि गावातील प्रशिक्षित चालकाचे मानधन यांचा उल्लेख असावा. 'सौभाग्य' योजनेतील स्वतंत्र सौर संचांसाठी पाच वर्षांच्या दुरुस्ती-देखभालीची तरतूद होती. हा पायंडा आधार म्हणून दाखविता येतो. प्रत्येक कुटुंबाने दरमहा थोडी तरी रक्कम द्यावी. त्यातून खर्च भागत नसला तरी हिशेब विचारण्याचा हक्क निर्माण होतो.

पाचवी पायरी भविष्याची. उद्या तारा आल्या तर सौर केंद्राचे काय, हे आधीच ठरवावे. पुष्कळ ठिकाणी वीजजाळे पोहोचताच लहान सौर केंद्रे ओस पडली. तीच केंद्रे आरोग्य केंद्र व पाणीयोजना यांचा राखीव आधार म्हणून जिवंत ठेवली, तर जुनी गुंतवणूक वाया जात नाही.

इतिहासाचा इशारा

लोकसहभागातून वीज वितरण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यानंतर देशात पाच पथदर्शी ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील मुळा-प्रवरा संस्था त्यांपैकी एक आणि बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी संस्था दुसरी. मुळा-प्रवराने खेड्यापाड्यांत वीज नेली, पण शेतीपंपांचे अल्प दर, वसुलीतील तूट आणि वीज मंडळाची वाढती थकबाकी या चक्रातून ती बाहेर पडू शकली नाही. २०११ साली वितरणाचे काम महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था मात्र पुढेही वितरण करीत राहिली. भांडवल सार्वजनिक असो वा सहकारी, चालू खर्चाचा मेळ बसला नाही तर संस्था टिकत नाही, हा यातील बोध आहे.

याउलट, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडी येथे २०१२ साली एका कंपनीच्या साहाय्यातून सुमारे ९.४ किलोवॉटचे सौर केंद्र सुरू झाले. सुमारे ४० घरांच्या त्या आदिवासी वाडीने प्रत्येक घराला मीटर बसविला आणि वापरानुसार पैसे आकारण्याची पद्धत स्वीकारली. भांडवल बाहेरून आणि चालू खर्च गावातून, अशी ही विभागणी सार्वजनिक निधीलाही लागू करता येण्याजोगी आहे.

समारोप

ग्रामीण ऊर्जास्थैर्यासाठी निधी कमी पडतो हे खरे असले, तरी त्याहून मोठी उणीव त्याच्या रचनेत आहे. धोरणकर्त्यांनी तीन बदल केल्यास चित्र पालटू शकेल. जोडण्यांच्या संख्येबरोबर पुरवठ्याच्या तासांवर अनुदान बांधावे. भांडवली मंजुरीच्या वेळीच बॅटरी बदलीची रक्कम बाजूला ठेवावी. लोकसंख्येच्या अटींमुळे वगळल्या जाणाऱ्या छोट्या पाड्यांना समूहाने अर्ज करण्याची मुभा द्यावी. गावांच्या बाजूने अपेक्षा आहे ती नोंद, निवड आणि नियमित वर्गणी यांची. विद्युतीकरणाच्या पहिल्या पर्वाने प्रत्येक गावात दिवा लावला. तो दिवा वादळाच्या रात्रीही प्रसूतिकक्षात तेवत राहील, ही हमी देणे हे दुसऱ्या पर्वाचे काम आहे.